चेक प्लॉट कुठाय, भाऊ?

बियाणं खोटं निघालं तर जालन्यात मोर्चा निघतो. काढा खोटा निघाला तर फक्त तिरडी निघते, आणि तिच्यामागं चालणारे एकमेकांना सांगतात, 'वेळच भरली होती बिचाऱ्याची.'

ऐकायला कडू आहे, पण हिशेब करून बघा. कपाशीची पिशवी घेताना आपला शेतकरी काय काय बघतो? कंपनी बघतो, वाण बघतो, लॉट नंबर बघतो, उगवणशक्ती ७५ टक्के छापलीय का बघतो, मुदतीची तारीख बघतो. पक्की पावती घेतो आणि रिकाम्या पिशवीसकट हंगाम संपेपर्यंत पेटीत जपून ठेवतो. सोयाबीन असेल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते घरीच मोजतो. २०२०च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं आपणहून दखल घेतली होती.

हाच माणूस. घरात कुणाच्या डोक्यात गाठ निघाली की हाच माणूस रातोरात गाडी करून कुठल्याशा डोंगराखालच्या वैदूकडे जातो आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत काळपट काढा घेऊन येतो. बाटलीवर वाण नाही, लॉट नाही, तारीख नाही. पावती मागितली तर औषधाचा गुण जातो म्हणे. विचारलं तर उत्तर तयार असतं: "झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही."

इफेक्ट आहे का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात घडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण हा जिल्हा बियाण्याचा आहे. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको उभी केली आणि १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळवलं. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं तुरीचे वाण दिले. सीड प्लॉटवर फुलं खुडून परागीकरण करणाऱ्या बाईलाही इथं 'चेक' म्हणजे काय ते ठाऊक असतं. नवा वाण पेरायचा तर शेजारी जुना, खात्रीचा वाण पेरायचा. तीच माती, तेच पाणी, तेच खत. नव्याला बोंडं किती लागली एवढं सांगून भागत नाही. शेजारच्या चेकला किती लागली ते आधी सांगा.

आणि गंमत अशी की औषधाची चाचणी कशी घ्यायची, हे डॉक्टरांनी शेतीकडूनच उचललंय. १९२०च्या दशकात रोनाल्ड फिशर इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतावर बसून एक साधी रीत घालून देत होते. कुठल्या वाफ्याला कुठलं खत, हे प्रयोग करणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या. नाहीतर माणूस आपल्या लाडक्या खताला नकळत चांगली जमीन देतो. पुढं ब्रॅडफर्ड हिल यांनी हीच रीत माणसांना लावली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची त्यांची चाचणी १९४८ साली छापून आली आणि तेव्हापासून औषध खरं की खोटं हे ठरवायला जग हीच कसोटी लावतं. म्हणजे शेतकऱ्यानं डॉक्टरला 'चेक कुठाय?' विचारणं हा आगाऊपणा नव्हे. माल शेताचाच आहे.

आता मेंदूकडे येऊ.

मेंदूच्या कॅन्सरांत सगळ्यात खुनशी तो ग्लिओब्लास्टोमा. २००५ साली ५७३ रुग्णांची एक चाचणी छापली गेली. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे १२.१ महिन्यांत गेले. रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी निम्मे १४.६ महिन्यांत गेले. दोन वर्षांनी पहिल्या गटात १०.४ टक्के हयात होते, दुसऱ्यात २६.५ टक्के. अडीच महिन्यांचा हा फरक इतका मोलाचा ठरला की वीस वर्षं जगभरातला उपचार याच पायावर उभा आहे. यावरून शत्रू केवढा आहे ते कळावं.

अडचण गाठीइतकीच मेंदूच्या बंदोबस्ताची आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं आत शिरतच नाहीत. जी शिरतात त्यातली बरीच परत बाहेर फेकली जातात. म्हणून मेंदूच्या कॅन्सरवर कुठलंही औषध सांगितलं, झाडाचं असो वा कारखान्याचं, तर तीन प्रश्न विचारायचे. आत पोचतं का? पोचलं तर किती? आणि चेकपेक्षा रुग्ण जास्त जगला का?

विद्यापीठांत मात्र मेंदूचा कॅन्सर रोज बरा होतो. कृती सोपी आहे. गावाकडून पाला आणायचा, सावलीत वाळवायचा, मेथॅनॉलमध्ये भिजवून अर्क काढायचा. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सकडून कॅन्सरच्या पेशी मागवायच्या, बशीत वाढवायच्या, वरून अर्क ओतायचा. पेशी मरतात. आलेख काढायचा, पेपर छापायचा, बढतीच्या फायलीला जोडायचा. यात बरं कोण होतं? प्राध्यापक.

पाला आणायचीही दगदग नको असेल तर संगणकावरच झाडाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून दाखवायचा. याला डॉकिंग म्हणतात. बसला तर निष्कर्ष 'आश्वासक'. नाही बसला तर दुसरं झाड.

अहो, बशीतली पेशी मरणं ही काय बातमी झाली? ठिबकच्या नळ्या धुवायला आपण जे ॲसिड सोडतो ते ओतलं तरी ती मरतेच. म्हणून ते कुणी शिरेतून घेत नाही.

त्यातही बशीतल्या पेशींचा लॉट कोणता, हा आणखी वेगळा तमाशा. मेंदूच्या कॅन्सरच्या संशोधनात जगभर सर्रास वापरल्या जाणाऱ्या पेशी म्हणजे 'यू ८७'. स्वीडनच्या उप्सालामध्ये १९६६ साली एका रुग्णाच्या गाठीतून त्या वाढवल्या होत्या. २०१६ साली उप्सालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ गाठीचा डीएनए काढून ताडून पाहिला, तर अमेरिकेतल्या पेशीपेढीकडून जगाला वाटल्या गेलेल्या 'यू ८७'चा त्या रुग्णाशी मेळच बसेना. ग्लिओब्लास्टोमाच्याच असाव्यात, पण कुणाच्या, देव जाणे. बियाण्याच्या बाबतीत असं घडलं असतं तर गोदामाला सील लागलं असतं. इथं पेपर छापून येत राहिले.

हळदीबद्दल बोलायचं तर आपण हळवे होतो. जखम भरायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरनं भांडून १९९७ साली ते रद्द करवलं. छान झालं. पण पेटंट जिंकलं म्हणून कॅन्सर हरला असं होत नाही. जर्मनीत ग्लिओब्लास्टोमाच्या १३ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी चार दिवस कर्क्युमिन दिलं गेलं, तेही अंगात जास्त मुरेल अशा खास रूपात. २०१६ साली निकाल छापला. कर्क्युमिन गाठीपर्यंत पोचलं होतं, आणि हे शाबासकी देण्याजोगं आहे. किती पोचलं? एक ग्रॅम गाठीत सरासरी ५६ नॅनोग्रॅम. बशीतल्या पेशी मारायला साधारण त्याच्या शंभरपट लागतं. पुढच्याच वर्षी औषधी रसायनशास्त्रातल्या जाणकारांनी कर्क्युमिनच्या माणसांवरच्या १२०हून अधिक चाचण्या चाळल्या. ज्यात रुग्णालाही आणि डॉक्टरलाही खरी गोळी कुठली ते ठाऊक नसतं, अशा कसोटीत यशस्वी झालेली एकही त्यांना सापडली नाही. वसमतच्या शेतकऱ्याला हळदीचा भाव मिळायलाच हवा. तो फोडणीसाठी मिळावा.

आता आपल्या मोसंबीकडे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे आपण पाहुण्यांना सांगतो. तिच्या सालीच्या तेलात लिमोनीन ठासून भरलेलं असतं, हे सांगत नाही, कारण साल आपण उकिरड्यावर टाकतो. या लिमोनीनचा एक सख्खा नातलग आहे, पेरिलिल अल्कोहोल. रेणू जवळपास तोच, ऑक्सिजनचा एक अणू तेवढा जास्त. कॅन्सरवर ते आधी तोंडावाटे देऊन पाहिलं. कॅन्सर हलला नाही. रुग्णांची पोटं मात्र ढवळून निघाली. मग ब्राझीलमध्ये क्लोव्हिस दा फोन्सेका यांच्या चमूनं वेगळी वाट धरली. औषध नाकावाटे हुंगायला द्यायचं, कारण नाकाच्या वरच्या भागातल्या नसा थेट मेंदूत जातात आणि रक्ताच्या वाटेवरचा बंदोबस्त चुकवता येतो. पुढं अमेरिकेत याच द्रव्याचं शुद्ध रूप पुन्हा उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या १२ रुग्णांना दिलं गेलं. २०२१ साली निकाल आला. औषध सोसवलं, काही जण अपेक्षेपेक्षा जास्त जगले.

चेक होता का? नव्हता. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत तो नसतोच, कारण तिथं प्रश्न एवढाच असतो: हे द्यायला धोक्याचं तर नाही ना? संशोधक हे लिहितातही. वाचणारा नेमकं तेवढंच वाक्य गाळून पुढं पाठवतो. तेव्हा कृपा करून कुणी साल किसून नाकात कोंबू नका. कोंबलीच, तर कान-नाक-घसावाल्याला निदान जातीची मोसंबी होती एवढं सांगा.

म्हणजे झाडांत काहीच नाही का? असं कोण म्हणतं? वाड्याच्या दारात, पत्र्याच्या डब्यात, कुणीही पाणी न घालता फुलणारी सदाफुली बघा. तिच्यातलं व्हिन्क्रिस्टिन १९६३पासून अधिकृत औषध आहे आणि मेंदूच्या गाठींवरही ते वापरलं जातं. हळू वाढणाऱ्या ग्लिओमाच्या २५१ रुग्णांची एक चाचणी २०१६ साली पूर्ण छापली गेली. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांत निम्मे ७.८ वर्षं टिकले. रेडिएशननंतर तीन औषधांचा मेळ घेतलेल्यांत निम्मे १३.३ वर्षं टिकले. त्या तिघांतलं एक आपल्या दारातल्या सदाफुलीचं. याला म्हणतात निकाल. चेकसकट.

पण इथंही घाईनं हार घालू नका. व्हिन्क्रिस्टिन मेंदूत नीट शिरत नाही, हेही तितकंच खरं. त्यामुळे त्या यशात त्याचा वाटा किती यावर डॉक्टरांत वाद आहे, आणि काही जण ते वगळून उरलेली दोनच देतात. शिवाय ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळला पाला लागतो. आणि 'झाडाचं म्हणजे सौम्य' म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: हे औषध शिरेतूनच द्यायचं असतं. चुकून पाठीच्या मणक्यातून दिलं गेलं तर माणूस जवळपास हमखास दगावतो; जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली त्यासाठी खास इशारा काढला होता. साखर उतरावी म्हणून सदाफुलीची पानं चावणाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. गुळवेलीबद्दलही मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली यकृत दुखावलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. न पटू दे. पण 'अपाय नाही' हे वाक्यही कुणीतरी तपासून मगच म्हणायचं असतं.

आणि आता मुख्य खटला. द्राक्षं आणि तांबं.

२०२४च्या फेब्रुवारीत बातमी फुटली: 'टाटाने शोधली कॅन्सरवरची १०० रुपयांची गोळी.' टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी द्राक्षांसारख्या फळांतलं रेझव्हेराट्रॉल आणि तांबं एकत्र केलं होतं, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी यायची होती. मंजुरी यायच्या आधीच गोळी व्हॉट्सॲपवर मात्र पोचली. दोन दिवसांत मोंढ्यातला एक जण सकाळी तांब्याच्या तांब्यातलं पाणी आणि वर पसाभर द्राक्षं घेऊ लागला. शेजाऱ्याला म्हणाला, "टाटाचंच औषध आहे मामा, फक्त घरगुती."

घरगुती हिशेब करू. याच जोडगोळीची मेंदूच्या कॅन्सरवरची चाचणी टाटाच्याच डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली छापली. मात्रा होती रेझव्हेराट्रॉल ५.६ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. म्हणजे रोज २२ मिलिग्रॅमच्या वर. किलोभर लाल द्राक्षांत ते साधारण दीड ते आठ मिलिग्रॅम भरतं. म्हणजे रोज तीन ते पंधरा किलो द्राक्षं. शेततळ्यांवर बागा जगवणाऱ्या कडवंचीनं एवढी द्राक्षं पुरवलीही असती. पण गाठ विरघळायच्या आधी रुग्णाची साखर चारशेवर गेली असती. बाजारातलं बरंचसं रेझव्हेराट्रॉल द्राक्षाचं नसतंच, ते जपानी नॉटवीड नावाच्या तणाच्या मुळांतून काढतात. पण तणाचा फोटो कोण फॉरवर्ड करणार?

तांब्याचा हिशेब त्याहून बारीक. एका वेळी ५६० नॅनोग्रॅम, दिवसाचे मिळून दोन मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. आपण रोजच्या डाळ-भाकरीतून मिलिग्रॅमभर तांबं खातोच. म्हणजे गोळीतल्या तांब्याच्या चारशेपटींहून जास्त. मग एवढ्याशा तांब्यानं काय साधतं, हा प्रश्न कुणीही विचारावा आणि संशोधकांनी त्याला उत्तर द्यावं. अशा प्रश्नानं शास्त्राचा अपमान होत नाही. त्यानंच ते चालतं.

डॉ. मित्रा यांचा सिद्धांत मात्र दमदार आहे. मरणाऱ्या कॅन्सर पेशी आपल्या गुणसूत्रांचे तुकडे बाहेर सोडतात, ते शेजारच्या पेशींत घुसतात आणि रोग आणखी भडकवतात, असं ते बरीच वर्षं मांडत आलेत. रेझव्हेराट्रॉल आणि तांबं भेटले की ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात आणि ते या तुकड्यांचा निकाल लावतात. इथं एक चिमटा घेतल्याशिवाय राहवत नाही. ज्या रेझव्हेराट्रॉलची कॅप्सूल दुकानदार 'अँटीऑक्सिडंट' म्हणून हजार रुपयांना गळ्यात मारतो, ते इथं बरोबर उलटं काम करायला नेमलंय. दोन्ही गिऱ्हाईकं खूश.

चाचणी कशी झाली? ग्लिओब्लास्टोमाचे २० रुग्ण. दहांना शस्त्रक्रियेआधी सरासरी ११.६ दिवस गोळ्या, दहांना नाही. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या. गोळ्या घेतलेल्यांच्या गाठीत वाढीचा वेग दाखवणारी खूण सुमारे एक तृतीयांशानं कमी होती; इतरही बऱ्याच खुणा उतरलेल्या होत्या. त्रासदायक परिणाम दिसले नाहीत.

याला मी मनापासून हात जोडतो. कारण इथं बशी नाही, माणूस आहे. गाठ खरीखुरी आहे. आणि शेजारी चेक आहे, दहा जणांचा का होईना. पण मोंढ्यातला कुठलाही जाणता अडत्या पुढचं विचारेल. दहा विरुद्ध दहा म्हणजे प्लॉट केवढासा? एका माणसाची गाठ दुसऱ्यासारखी नसते. मग गोळी सुरू करण्याआधी त्याच रुग्णाची गाठ कशी होती? खुणा उतरल्या, पण माणूस जास्त जगला का? ते मोजलेलंच नाही; बारा दिवसांच्या गोळीवरून ते मोजताही येत नाही. बोंडं लागली की नाही हे विचारायच्या आधी पानं हिरवीगार आहेत एवढंच समजलंय. हिरवी पानं चांगलीच. पण बाजारात पानं विकत नाहीत. मोठ्या प्लॉटवर, चिठ्ठ्या टाकून, जगण्याचे महिने मोजून पुढची चाचणी होईल तेव्हा बोलू. ती जमली तर या सदरात पहिला गुलाल मी उधळीन.

एवढं थांबायचं? हो. नंदुरबारच्या मातीत जन्मलेल्या मनसुख वाणींना विचारायला हवं होतं. २०२० साली ते गेले. मुंबई विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेला गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत झाडांतून कॅन्सरची दोन औषधं शोधून बसले. पॅसिफिक यू झाडाची साल १९६२ साली गोळा झाली. टॅक्सॉलची रचना १९७१ साली छापली. औषध म्हणून मान्यता १९९२ साली. तीस वर्षं. दुसरं कॅम्प्टोथेसिन. चिनी झाडातून १९६६ साली सापडलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते निघालं आणि त्यापायी नरक्याची चोरटी तोड झाली. जसंच्या तसं द्रव्य रुग्णांना दिलं तर मूत्राशय सोलून निघायचं. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूला इथं कापलं, तिथं जोडलं, आणि १९९६ साली त्यातून दोन वापरण्याजोगी औषधं बाजारात आली. पुन्हा तीस वर्षं. झाडानं कच्चा माल दिला. औषध माणसांनी केलं, एकमेकांच्या चुका काढत काढत.

आणि टॅक्सॉलसुद्धा मेंदूच्या दारात अडकतं. म्हणून शिकागोच्या डॉक्टरांनी कवटीत अल्ट्रासाउंडचं उपकरण बसवून काही वेळापुरता तो बंदोबस्त ढिला केला आणि त्याच झाडाचं औषध आत सोडलं. २०२३ साली १७ रुग्णांचा निकाल छापला; मेंदूतलं प्रमाण ३.७ पटींनी वाढलं होतं. तीही पहिल्याच टप्प्याची चाचणी होती. म्हणजे कवटी उघडून यंत्र बसवणारे 'अजून बघू' म्हणतात आणि पाण्याच्या बाटलीत काढा भरणारा 'शंभर टक्के' म्हणतो.

कायदा आहे का? आहे की. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट, १९५४. त्याच्या ५४ आजारांच्या यादीत कॅन्सरही आहे आणि मेंदूचे विकारही. हे बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि जुन्या ग्रंथातलं औषध ग्रंथात सांगितलेल्या कामासाठीच विकायचं असेल तर परवान्याकरता परिणामाची नवी चाचणी द्यावी लागत नाही. कपाशीच्या नव्या वाणाला मात्र शेतात उतरून दाखवावं लागतं. कपाशी हजार वर्षांपूर्वीच्या पोथीत सापडली असती तर तीही सुटली असती.

मात्र सगळा राग काढ्यावाल्यावर काढून मी मोकळा होणार नाही. लोक तिकडे का जातात? कारण काढ्यावाला खाटेवर बसवून तासभर ऐकून घेतो, चहा पाजतो, नाडी धरतो, 'माऊली, काळजी करू नका' म्हणतो. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर फिल्म उजेडाला धरून, वर न बघता 'चौदा महिने' सांगतात आणि पुढच्या नंबराला हाक मारतात. तिथं आकडा खरा असतो, पण तो सांगायला कुणी बसत नाही. खोटा आकडा निवांत सांगितला जातो, म्हणून तो खपतो. डॉक्टरांनी यावर चिडू नये. एक खुर्ची जास्तीची ठेवावी.

बाकी वाटा आहेत. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय जालन्याहून साठेक किलोमीटरवर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. टाटाला जायचं तर मुंबईची वंदे भारत जालन्यावरून जाते. आणि काढा घेतच असाल, तर निदान तो डॉक्टरांपासून लपवू नका. झाडाची द्रव्यं यकृतातून जाताना चालू औषधाची मात्रा खालीवर करू शकतात. गोळ्या बंद करून काढा घेणार असाल तर एवढंच विचारा: हा काढा घेतलेले शंभर आणि न घेतलेले शंभर, यातले दोन वर्षांनी किती उभे होते? उत्तर 'श्रद्धा ठेवा' असं आलं तर पैसे खिशात ठेवा.

शेवटी जालन्याच्या तरुणांसाठी. १९३३ साली मुंबईत सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८पासून आपल्याच शहरात आहे. मोसंबीची साल फुकट आहे, द्राक्षाचा चोथा फुकट आहे, सदाफुली तर मागूनही कुणी विकत घेत नाही. यातून एकेक द्रव्य शुद्ध काढायचं, त्याचा लॉट दर वेळी तोच निघतो का ते तपासायचं, नाही निघाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. यात चमत्कार नाही, रील नाही, सत्कार तर नाहीच. बहुतेक द्रव्यं नापास होतील आणि ते लिहूनही ठेवावं लागेल. 'सात दिवसांत गाठ गायब' सांगणाऱ्या मंडळींची तीस वर्षं थांबायची तयारी असेल तर त्यांचंही स्वागत आहे. प्रयोगशाळेत बशा धुवायला माणसं नेहमीच कमी पडतात.